मार्गशीर्षात जगाचा नकाशा

अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली आहेत. आये दिवसातून तीनचार वेळा ती त्यांच्याच रसात बुडवते आणि पुन्हा चटईवर पसरते. तिचे हात मनगटापर्यंत तांबडे झाले आहेत. पडवीत लाकडं रचून झाली, फणसाच्या आठळ्या मातीत घोळून कोपऱ्यात टाकल्या, मीठ भरलं, सुकट भरली. याला आमच्याकडे आगोट म्हणतात. पावसाचे चार महिने आगबोट बंद, खाडीपार नेणारी होडी, म्हणजे तर, ती बंद, वाटा चिखलाच्या. तेव्हा जे लागणार ते वैशाखातच घरात आणून ठेवायचं. आणि एकदा ठेवलं की वेळ येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. लहानपणी आम्ही पापडाच्या डब्याकडे नुसतं बघितलं तरी आये म्हणायची, "आगोटीला नजर लावू नका, पावसात काय माजी बोटं खाल?"

मी बी.ए.ची परीक्षा देऊन घरी आलो आहे. निकाल यायचा आहे. आमच्या घरातच काय, आमच्या वाडीतही कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी ओटीवर गप्प बसलो की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, हा काहीतरी मोठा विचार करतो आहे. आवाज न करता लोक पुढे जातात. मला मात्र या दिवसांत एकच गोष्ट आठवत असते. तीन वर्षांपूर्वी याच ओटीवर, अशीच सोलं वाळत असताना, मी एक कागद लिहिला होता. माझ्या धाकट्या बहिणीच्या अभ्यासाचा तो कागद. त्याच्याविषयी लिहावं असं अनेकदा मनात आलं, पण धीर झाला नाही. परवा जे झालं त्यानंतर वाटतं, लिहिलंच पाहिजे. नीट लिहिता येईल की नाही, ते ठाऊक नाही.

चंद्री तेव्हा अकरा वर्षांची होती. गावच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग, आणि त्या चैत्रात ती चौथी पास झाली होती. पुढची मुलींची शाळा रत्नागिरीत, खाडीच्या पलीकडे. रोज तरीतून जायचं आणि यायचं. पावसात तर सुटत नाही, आणि मुलीला परक्या घरी ठेवायला आये तयार नव्हती. तेव्हा शाळा संपली होती. पण गावचे गुरुजी भले गृहस्थ. ते मला म्हणाले, "बाळू, तू आता कॉलेजातला. तिचा अभ्यास घरी बसवून दे. मी आठवड्याला एकदा बघत जाईन. दोन वर्षांनी तिला सातवीच्या परीक्षेला बसवू. पास झाली तर मास्तरीण होईल हो ती."

मास्तरीण. हा शब्द ऐकल्यावर चंद्री दोन दिवस घरातल्या कोंबड्यांना 'खाली बसा' म्हणत होती.

मी नुकताच कॉलेजाचं पहिलं वर्ष करून आलो होतो. मुंबईला गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत एका कोपऱ्यात माझी वळकटी असे. गिरणीतली माणसं पाळीवर जात-येत आणि मी मध्ये पुस्तक धरून बसे. त्या वर्षात मी काय शिकलो ते सांगणं कठीण, पण एक गोष्ट मनावर पक्की बसली होती: माझा पाया कच्चा आहे. सुरुवातीच्याच दिवसांत वर्गात भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावला होता. प्रोफेसरांनी मला उभं करून त्यावर एक देश दाखवायला सांगितला. मी इतका मोठा नकाशा त्याआधी जवळून पाहिलेला नव्हता. मी गेलो, आणि माझं बोट निळ्या समुद्रावर पडलं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "कोकणातला आहे, पाण्यातच शोधणार." सगळे हसले. प्रोफेसरही हसले, वाईट बुद्धीनं नव्हे. मी पण हसलो. पण मी ते विसरलो नाही.

म्हणून चंद्रीचा पाया माझ्यासारखा राहायला नको होता. कुठे मध्येच खिंडार नको, उडी नको, एकावर एक दगड बसला पाहिजे, असं मी ठरवलं. गुरुजींकडून सातवीपर्यंतच्या विषयांची यादी आणली, चार कागद चिकटवून एक मोठा कागद केला आणि दोन दिवस आखत बसलो. वाचन, कविता, व्याकरण, मोडी. अंकगणितात अपूर्णांक, दशांश, त्रैराशिक. इतिहास. आरोग्य. शिवण आयेकडे. आणि भूगोल: प्रथम आपलं गाव, मग तालुका, मग रत्नागिरी जिल्हा, मग मुंबई इलाखा, मग हिंदुस्थान, आणि सगळ्यात शेवटी जग.

कागद आयेसमोर वाचला. तिला वाचता येत नाही, पण ऐकताना तिच्या कपाळावर जी आठी पडते ती प्रोफेसरांच्या आठीपेक्षा वाईट.

"जून म्हंजे कंचा?" तिनं विचारलं. "मिरगाच्या आदी की मागनं?"

"मृगातच."

"आनि जुलय?"

"आर्द्रा, पुनर्वसू."

"म्हंजे लावनीत." तिनं हातातलं सोल खाली टाकलं. "सकाळी सात ते आठ अंकगणित. आनि भाताच्या रोपांचं आवण कोन काडील, तुजा प्रोफेसर? एक वरीस मुंबईला काय गेलास, घरात शेत हाय ते इसरलास. ह्या येवड्या कागदात चिखल कुटं लिवलायस, दाव मला."

चंद्री तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू आलं, पण आत कुठेतरी लाज वाटली. शेतकऱ्याच्या पोरानं पावसाळ्याचा तक्ता केला आणि त्यात भात लावायला जागाच ठेवली नाही. मी कागद पुन्हा लिहिला. इंग्रजी महिने काढून नक्षत्रं घातली. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून 'सात ते आठ'च्या जागी 'गुरं सोडल्यावर' लिहिलं आणि 'चार ते पाच'च्या जागी 'भात आधणात टाकण्यापूर्वी'. लावणीला तीन आठवडे सुट्टी धरली, कापणीला दोन. आयेला हे पसंत पडलं. ती म्हणाली, "आता कसा मानसानं लिवल्यागत वाटतो."

पण या पाच आठवड्यांनी पुढचं सगळं पुढे सरकलं. जगाचा नकाशा आधी कार्तिकात होता, तो मार्गशीर्षात गेला.

इथे बाबांविषयी सांगायला हवं. बाबा बोटीवर खलाशी. आदल्या अश्विनात मुंबईहून बोटीवर चढले होते आणि वर्ष-दीड वर्ष येणार नव्हते. त्यांना लिहिता येत नाही. बोटीवरचा कोणी लिहिणारा भेटला की त्यांचं पत्र येई. त्या चैत्रात एक आलं होतं. चंद्रीला ते पाठ होतं. गुरांना पाणी पाजताना, भांडी घासताना ती ते म्हणे, जशी आपण कविता म्हणतो: "आमची बोट सध्या दोन समुद्रांच्या मधल्या अरुंद पाण्यातून जात आहे. दोहों बाजूंस वाळू आहे. उंट दिसतात. चिरंजीव बाळूस सांगणे की, मी कोठे आहे ते चंद्रीस नकाशात दाखवावे."

त्या सबंध कागदावर चंद्रीला एकच गोष्ट हवी होती. मास्तरीण होणं ही तिच्या मते गंमत होती, गुरुजींची आणि माझी. तिला ते अरुंद पाणी बघायचं होतं. मी कागद वाचून संपवला तेव्हा ती म्हणाली, "दादा, बाबांचा धडा कंदी?"

"मार्गशीर्षात."

"मग लावनीच्या आदी घे ना. एकच दिवस."

"क्रम मोडायचा नाही, चंद्रे. आधी आपलं गाव."

"गाव मला म्हायती हाय. गावाचं काय शिकायचं? हितं पऱ्याचं पानी, तितं देऊळ, आनि मदी शेजारनीचा कुत्रा."

"तालुक्याची सरहद्द माहीत आहे?"

तिनं खाली बघत सोलं पसरायला घेतली. मला वाटलं, मी जिंकलो.

मी मुंबईहून तिच्यासाठी नकाशांचं एक जुनं पुस्तक आणलं होतं. इंग्रजी होतं. त्यातल्या देशांची आणि बंदरांची नावं मी गावकऱ्यांच्या खोलीत बसून पेन्सिलीनं मराठीत लिहिली होती, बारीक अक्षरात. बाबांच्या पत्रांतली बंदरं तर शोधून शोधून लिहिली. चैत्रातलं पत्र चंद्रीनं मला मुंबईला उतरवून पाठवलं होतं, त्यातलं ते अरुंद पाणीही सापडलं होतं. तिथे मी लिहिलं होतं, 'बाबा इथून गेले'. हे सगळं तिला एकदम, योग्य दिवशी, नाताळच्या सुट्टीत मी घरी आल्यावर दाखवायचं असं माझ्या मनात होतं. तिच्या चेहऱ्याचं चित्र मी कितीदा डोळ्यांपुढे आणलं असेल. बोटीचं तिकीट काढताना, वळकटी बांधताना.

पुस्तक घरात उघडं ठेवलं तर ती बघणार हे उघड होतं. तेव्हा मी ते फडक्यात गुंडाळलं, वरून सुतळी बांधली, चार गाठी मारल्या, आणि चुलीवरच्या माळ्यावर, जिथे आये पापडांचे आणि सोलांचे डबे ठेवते, तिथे ठेवलं. धुरामुळे तिथे पावसातही दमट लागत नाही. चंद्री खाली उभी राहून बघत होती.

"आगोट?" तिनं विचारलं.

"हो. आगोट. मार्गशीर्षापर्यंत हात लावायचा नाही."

"नाय लावनार," ती म्हणाली.

आमच्या घरात आगोटीला कोणी हात लावत नाही. ती लावणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

त्या वैशाखाच्या अखेरीस मी शेवटच्या बोटीनं मुंबईला गेलो. त्यानंतर समुद्र बंद. बोट खोल पाण्यात उभी असते, पडावातून तिच्यापर्यंत जावं लागतं. रत्नागिरीच्या बंदरावर चंद्री आयेबरोबर पोचवायला आली होती. पडाव सुटला तेव्हा ती ओरडून म्हणाली, "दादा, बाबा येतात ते ह्याच पान्यातनं ना?" मी मानेनं हो म्हटलं. ते तिला दिसलं की नाही, कोण जाणे.

मग तिची पत्रं. आठवड्याला एक कार्ड, गुरुजींनी दिलेलं. त्यातली अकरा माझ्याजवळ आहेत. ती घरात जशी बोलते तशी पत्रात लिहीत नसे. पत्रात ती शाळेचं मराठी लिही. पण आवाज तोच. "मोडीचे धडे झाले. गुरुजी म्हणाले, हिची मोडी बाळूपेक्षा बरी आहे. तुला सांगू नको असं ते म्हणाले नाहीत, म्हणून कळवते." दुसऱ्यात: "तालुक्याची सरहद्द पाठ झाली. आता ती कुणी हलवू नये म्हणजे झालं." हे मी खोलीतल्या गिरणीवाल्या काकांना वाचून दाखवलं, तेव्हा ते इतके हसले की पाळीला उशीर झाला.

आणि लावणीतलं एक कार्ड. सुट्टी होती, तरी तिनं लिहिलं होतं. पावसाचा थेंब पडून दोन ओळी पसरल्या आहेत. "कोपऱ्यातल्या शेतात दोन बांधांच्या मध्ये अरुंद पाणी झालं आहे. तिथे मी पोफळीच्या गळलेल्या झावळीच्या विरीची बोट करून सोडली. दोन्ही बाजूंना वाळू नाही, चिखल आहे. उंटांच्या जागी आपले बैल. बाबांची बोट अशीच जाते का? आये म्हणते, आवण टाकून बोटी सोडशील तर पाय मोडीन. आता किती आठवडे राहिले?"

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं. आठवू नये म्हणून पुष्कळ प्रयत्न केला आहे. मी लिहिलं, "भूगोल ठरलेल्या वेळी येईलच. दशांश अपूर्णांक कुठवर आले ते कळव."

'हो, अशीच जाते,' एवढे तीन शब्द लिहिले असते तर कुठला पाया खचणार होता? तिनं शेतात आपणहून नकाशा केला होता. माती, पाणी, दोन बाजू, मध्ये बाप. मला तो दिसला नाही. माझ्या तक्त्यात तो त्या आठवड्याला नव्हता.

पुढच्या कार्डात फक्त दशांश अपूर्णांक आहेत. बोटीविषयी तिनं पुन्हा लिहिलं नाही.

भाद्रपदात तिला ताप आला. थंडी वाजून येणारा, एक दिवसाआड सोडणारा, तसा आमच्याकडे त्या दिवसांत पुष्कळांना येतो. चार दिवस ती बरी होती, उठून तिनं अभ्यासही केला. मग पुन्हा आला आणि उतरला नाही. गुरुजींनी मला पत्र लिहिलं, पण टपाल तेव्हा घाटावरून फिरून येत असे. बोटी अजून सुरू झाल्या नव्हत्या. पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा तिला जाऊन पाच दिवस झाले होते. पत्रात शेवटी होतं, "पंधराव्या आठवड्याचा अभ्यास तिने पुरा केला होता. तुला कळवावे असे म्हणाली होती."

मी घरी पोचलो तेव्हा आये ओटीवर बसली होती. तिनं मला जेवायला वाढलं.  तो कागद आतल्या भिंतीला खळीनं चिकटवलेला होता, आणि पुऱ्या झालेल्या प्रत्येक ओळीपुढे चंद्रीनं कोळशानं एक उभी रेघ काढली होती. पंधरा रेघा. पुढे कोरं. आता तीन वर्षं झाली. दर दिवाळीला आये भिंत सारवते, तेव्हा तेवढा चौकोन सोडून सारवते. माळ्यावरच्या पुस्तकाकडे मी बघितलं नाही.

बाबांची बोट मार्गशीर्षात मुंबईला लागली. मी धक्क्यावर गेलो होतो. सांगणं माझ्याच वाट्याला होतं. ते सांगितलं. बाबांनी हातातली पेटी खाली ठेवली आणि थोड्या वेळानं परत उचलली. खोलीवर रात्रभर ते भिंतीला टेकून बसले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे कोकणच्या बोटीत चढलो. दुपारी बोट हर्णेला थांबली. पडावातून माणसं चढत होती, सुक्या मासळीच्या टोपल्या वर येत होत्या, कोणी कोणाला हाका मारत होतं. त्या गलबल्यात बाबांनी मला विचारलं, "मी पत्रात लिवलं व्हतं. नकाशाचं. दावलंस ना तिला?"

मी म्हणालो, "दाखवलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काय म्हनाली?"

मी काय करायला हवं होतं हे मला आजही सांगता येत नाही. खरं सांगायला हवं होतं, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पण त्या माणसानं वर्षभर दुसऱ्याच्या हातून पत्र लिहवून एवढी एकच गोष्ट मागितली होती. मी टोपल्यांकडे बघत म्हणालो, "म्हणाली, किती जवळ आहे."

"जवळ म्हनाली?" बाबांच्या तोंडावर काहीतरी आलं. हसू नव्हे, पण त्याच्या जवळपासचं. "खुळी."

ते वाक्य त्यांनी घरी आल्यावर आयेला सांगितलं. आये चुलीपुढे होती. तिनं मान वर करून माळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग लाकूड आत सारलं. तिला ठाऊक होतं. ती तेव्हाही बोलली नाही, नंतरही नाही.

पुढे बाबा पुन्हा बोटीवर गेले आणि ते वाक्य बरोबर घेऊन गेले. मधे एकदा आले तेव्हा सांगत होते, बोटीवर सगळ्यांना ते ठाऊक झालं आहे. एक म्हातारा तांडेल होता, वाऱ्यापावसात बोट हलायला लागली की तो बाबांना म्हणे, "घाबरतोस काय रे? तुज्या पोरीला इचार, घर जवळच हाय." बाबा हे सांगून हसले, आणि मी उठून विहिरीवर गेलो. परीक्षेच्या पेपरात चुकीचं उत्तर लिहिलं तर ते तिथेच राहतं. हे उत्तर मात्र आगबोटीत बसून जगभर फिरत होतं, आणि एका माणसाला वादळात धीर देत होतं. ते खोटं होतं, आणि मी ते परत मागूही शकत नव्हतो.

या वर्षी बाबांनी बोट सोडली. गुडघे धरले आहेत. आता ते ओटीवर बसून कुंपणासाठी दोर वळत असतात. परवा दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो, आये अंगणात सोलं बुडवत होती. बाबा म्हणाले, "बाळू, तो नकाशा हाय का रे अजून? तिला दावलास तो. मला कंदी बघायला गावला नाय. येवडा फिरलो, पन कुटनं कुटं ते म्हायत नाय."

मी काही बोलायच्या आत आये म्हणाली, "हाय. माळ्यावर हाय."

मी शिडी लावून वर चढलो. डब्यांच्या मागे ते होतं. फडकं धुरानं काळं पडलं होतं, सुतळी काळी आणि चिवट झाली होती. खाली आणून मी कोयती शोधू लागलो, तेव्हा बाबांनी ते माझ्या हातून घेतलं. "गाठ कापू नये," ते म्हणाले, "सोडवावी." जन्मभर दोरखंडाशी वागलेली ती बोटं. एकेक गाठ ती नखानं सैल करत गेली. पहिली सुटली, दुसरी सुटली. आणि मग ती थांबली.

सुतळी सगळीकडे काळी होती. फक्त गाठी होत्या तेवढ्या जागी आतून पिवळी, कोरी, बाजारातून आणली तशी. बाबांनी तो पिवळा तुकडा अंगठ्यात आणि बोटात धरला आणि उजेडाकडे करून बघितला.

"ही कंदी बांदलीस?"

"त्या वैशाखात. जाण्याआधी."

"तवापास्नं सुटलेली नाय," ते म्हणाले. ते विचारत नव्हते.

"नाही."

अंगणात सोलं बुडवायचा आवाज थांबला होता.

"मग ती म्हनाली ते?"

"मीच म्हणालो, बाबा."

 उरलेल्या दोन गाठी त्यांनी तशाच, अजिबात घाई न करता सोडवल्या. सुतळीचं वेटोळं करून मांडीखाली ठेवलं. मी वाट बघत होतो. त्यांनी मला मारावं, शिवी द्यावी, निदान उठून जावं, असं वाटत होतं. त्यांनी फडकं बाजूला केलं, पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "दाव."

"काय?"

"तिला दावनार व्हतास तसा दाव."

मी पुस्तक उघडलं. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. एकदम जगाचं पान काढलं. माझी पेन्सिलीची अक्षरं अजून होती. मी बोट ठेवून सांगू लागलो: हे आपण. ही रत्नागिरी. इथून मुंबई. मग हा सगळा समुद्र. मग हे. तिथे मी लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं, "बाबा इथून गेले." 

बाबांनी मान खाली घालून त्या जागेकडे बघितलं. मग आपली जाड बोटं त्यांनी पानावर आडवी ठेवली, आमच्यापासून तिथवर, जशी आये तांदळात पाणी मोजते तशी. दोन बोटांत समुद्र संपला.

"जवळच हाय की रे," ते म्हणाले. आणि मग, हळू, "म्हनाली असती ती."

आये केव्हा येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नव्हतं. तिचे हात रसानं थबथबले होते म्हणून तिनं ते मागे धरले होते. ती वाकून बघत होती. तिच्या आयुष्यात तिनं नकाशा पहिल्यांदाच बघितला असावा. बाबांची दोन बोटं अजून तिथेच होती.

"येवडंच?" ती म्हणाली. "मग यायला येवडे महिने का लागायचे तुमाला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी, बी.ए.ची परीक्षा देऊन आलेला, पुन्हा नकाशात बघू लागलो. आये परत अंगणात गेली. सोलं पुन्हा बुडू लागली.

बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. मी सवयीनं पुस्तक मिटलं आणि फडक्यात गुंडाळायला घेतलं. वर ठेवायला हवं, पाऊस जवळ आला आहे, असं काहीतरी पुटपुटलो असेन.

आये पाठमोरी होती. वळून न बघताच ती म्हणाली, "बांदू नको. उगडंच ऱ्हाऊ दे."